पेज फॉल्टच्या उंबरठ्यावरचं फंक्शन ट्रेसरपासून कसं वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याने लिनक्स कर्नेलच्या एक्स८६ पेज फॉल्ट हँडलरमध्ये (प्रोग्रॅमने मागितलेल्या पत्त्याला मेमरीचं पान जोडलेलं नसलं की चालणारा कोड), अगदी पहिल्या ओळीला, स्वतःचं एक छोटं फंक्शन बसवलंय. पत्त्यांच्या कुठल्या पट्ट्यात किती फॉल्ट येतात ते मोजणारं. एरवी सगळं सुरळीत चालतं. पण पर्फ या कामगिरी मोजणाऱ्या साधनातून त्या फंक्शनवर एफट्रेसचा (फंक्शन कधी चालतं ते नोंदवणारा कर्नेलचा ट्रेसर) इव्हेंट लावला आणि सोबत युजर बाजूची कॉलचेन (कुणी कुणाला बोलावलं ती साखळी) मागितली, की ज्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही असे प्रोग्रॅम सेगफॉल्ट होऊन पडायला लागतात. फंक्शनवर नोट्रेस (एफट्रेसला मनाई करणारी खूण) लावल्यावर ते थांबलं. मग एका सहकाऱ्याने मॉड्यूल लिहून त्याच फंक्शनवर केप्रोब (चालू कर्नेलमध्ये हवं तिथे बसवायचा सापळा) लावला, त्याच्या हँडलरमध्ये युजर स्टॅक वाचला, आणि पुन्हा तोच खेळ सुरू झाला. आता त्यांना हवंय ते असं: फाइलमधल्या सगळ्याच फंक्शनांवर नोइन्स्टर (ट्रेसिंग, तपासणी सगळ्यालाच मनाई करणारी खूण) मारून मोकळं व्हावं का? ट्रेसिंगच्या सगळ्या हत्यारांपासून सुटका करणारा एकच शिक्का आहे का?

असा शिक्का आहे, आणि तो नोइन्स्टरच. पण तुमच्या फंक्शनला तो लावू नका. तुमच्या फंक्शनची जागा चुकली आहे, ती बदला. मग बहुधा एकही शिक्का लागणार नाही. असं का म्हणतोय ते सांगायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल, कारण नोट्रेसने एक त्रास थांबला आणि दुसरा थांबला नाही, त्याचं कारण कळलं की उरलेलं आपोआप उलगडतं.

एफट्रेस आणि केप्रोब ही दोन अगदी वेगळ्या जातीची हत्यारं आहेत. एफट्रेससाठी कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक कॉल पेरून ठेवतो. बिल्डच्या वेळी अशा सगळ्या जागांची यादी एका सेक्शनमध्ये जमा होते, आणि बूट होताना त्या प्रत्येक जागी पाच बाइटांचा नॉप, म्हणजे काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन, बसवला जातो. ट्रेसर चालू केला की त्या नॉपचा पुन्हा कॉल होतो. नोट्रेस म्हणजे कंपायलरला सांगणं की इथे काही पेरूच नकोस. पेरलंच नाही तर उगवणार काय? म्हणून एफट्रेसपुरता तो इलाज पक्का आहे. बीपीएफचे (कर्नेलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) एफएंट्री प्रोग्रॅम याच जागेवर बसतात, त्यामुळे तेही आपोआप बाद होतात.

केप्रोबला असल्या पेरणीची गरजच नाही. २००४ साली, २.६.९ मध्ये तो कर्नेलमध्ये आला तेव्हापासून त्याची रीत एकच आहे: जिथे हवं त्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट उचलून बाजूला ठेवायचा आणि तिथे इंट३ ही एका बाइटची ब्रेकपॉइंट इन्स्ट्रक्शन लिहायची. (पुढे वेग वाढवायला त्यात जंपची सोय झाली, आणि नॉपची जागा आयती असेल तर तो एफट्रेसवरही स्वार होतो, पण मूळ ताकद ब्रेकपॉइंटचीच.) फंक्शनच्या पोटात कुठेही तो घुसू शकतो. त्याला अडवायला वेगळी यादी आहे. फंक्शनखाली नोकेप्रोब_सिंबल असं लिहिलं की त्याचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि नोंदणीच नाकारली जाते. हा मॅक्रो २०१४ च्या ३.१६ पासून आहे. त्याआधी फंक्शनला एका खास सेक्शनमध्ये ढकलणारी खूण वापरायचे, जुन्या कोडमध्ये ती अजून दिसते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. ट्रेसएफएसमधून (ट्रेसिंग चालवायच्या फाइलींचा फोल्डर) केप्रोब इव्हेंट टाकायला गेलात, तर नेहमीच्या कॉन्फिगमध्ये कर्नेल नोट्रेसवाली फंक्शनं नाकारतो. त्यामुळे अनेकांचा समज होतो की नोट्रेस केप्रोबलाही अडवतो. तो पहारा फक्त त्या दारावर आहे. मॉड्यूलमधून थेट नोंदणी करणाऱ्याला तो लागू नाही. तुमचा सहकारी नेमका दुसऱ्या दाराने आला.

आता तुमच्या सेगफॉल्टकडे येऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

पेज फॉल्ट झाला की प्रोसेसर चुकलेला पत्ता सीआर२ या रजिस्टरमध्ये ठेवतो. हे रजिस्टर एकच आहे, त्याचा स्टॅक नाही. मधे दुसरा फॉल्ट झाला की आधीचा पत्ता पुसला गेला, संपलं. तुमचं फंक्शन हँडलरने सीआर२ वाचण्याच्या आधी चालतं. त्यावर ट्रेसर बसलाय. ट्रेसरला युजरची कॉलचेन हवी, म्हणून तो आरबीपी या रजिस्टरला फ्रेम पॉइंटर (स्टॅकवरच्या फ्रेमचा पत्ता) समजून युजर स्टॅक चढायला लागतो. पण तो प्रोग्रॅम फ्रेम पॉइंटरशिवाय कंपाइल झालाय, आरबीपीमध्ये भलताच आकडा आहे. तो युजरच्या पत्त्यांच्या हद्दीत बसतो, म्हणून पर्फ तो वाचून बघतो, आणि तिथे काहीच मॅप केलेलं नसतं. दुसरा फॉल्ट. हा फॉल्ट निरुपद्रवी आहे, एक्सेप्शन टेबलमधून (कुठल्या ओळींचा फॉल्ट माफ करायचा त्याची यादी) तो गुपचूप निस्तरला जातो, ट्रेसरला फक्त 'वाचता आलं नाही' एवढंच कळतं. पण जाताना तो सीआर२ मध्ये आपला कचरा पत्ता ठेवून जातो. नंतर मूळ हँडलर सीआर२ वाचतो, तिथे कचरा. त्याला वाटतं प्रोग्रॅमनेच त्या पत्त्याला हात लावला. पाठव सिग्नल. प्रोग्रॅम बिचारा कायदेशीर पान मागायला आला होता.

तुमच्या सहकाऱ्याच्या केप्रोबनेही तेच केलं, फक्त एफट्रेसच्या नॉपऐवजी इंट३ च्या वाटेने. म्हणजे दोष ना एफट्रेसचा ना केप्रोबचा. ज्या क्षणी सीआर२ अजून वाचलेला नाही त्या क्षणी तुम्ही फॉल्ट होऊ शकेल असं काहीही चालू द्यायला नको होतं. हा रोग नवा नाही. मुख्य कर्नेलमध्येही याच जातीची भोकं निघाली होती. २०१४ मध्ये एकदा बुजवली, आणि २०१९ च्या ५.३ मध्ये पुन्हा नव्याने, कारण पत्ता वाचण्याआधी ट्रेसिंगला शिरता येईल अशा फटी उरल्याच होत्या. इंटेलच्या फ्रेड या नव्या पद्धतीत, जिला २०२४ च्या ६.९ पासून आधार आहे, प्रोसेसर पत्ता थेट स्टॅकवरच ठेवतो आणि हा प्रश्नच उरत नाही. पण जुनी मशीन्स अजून बरीच वर्षं चालणार आहेत.

सीआर२ हे एक उदाहरण झालं. एंट्रीच्या त्या पहिल्या काही डझन इन्स्ट्रक्शनांमध्ये कर्नेल अर्धवट कपड्यांत असतो असं समजा. युजरमधून आत येताना जीएस (ज्याच्या आधारे कर्नेल त्या त्या सीपीयूचा डेटा शोधतो ते रजिस्टर) अजून युजरचा असू शकतो, मग पर-सीपीयू व्हेरिएबल वाचलं तर भलतंच हाती येतं. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षादोषानंतर, २०१८ च्या ४.१५ पासून, पेज टेबल्सही दोन असतात. युजरच्या टेबलात कर्नेलचा फक्त एंट्रीपुरता तुकडा मॅप केलेला असतो. टेबल बदलण्याआधी ट्रेसरच्या ट्रॅम्पोलिनवर (ट्रेसरकडे नेणारा मधला कोडचा तुकडा) उडी मारली तर तिथे जमीनच नाही. हे दोन्ही असेंब्लीत निस्तरलं जातं, त्यामुळे सी मध्ये लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. पण सी मध्ये आल्यावरही लॉकडेपला (लॉक नीट वापरले जातात का ते तपासणारा) वाटत असतं की इंटरप्ट अजून चालू आहेत, आणि आरसीयूचं (वापरात नसलेली वस्तू कधी मोकळी करायची ते ठरवणारी यंत्रणा) या सीपीयूकडे लक्ष असेलच याची खात्री नसते. नो-एचझेड-फुल (सीपीयूवरची टायमरची टिकटिक थांबवणारा पर्याय) चालू असेल तर युजरमध्ये असताना आरसीयू त्या सीपीयूला हिशोबातून वगळतो. ट्रेसरचे हँडलर, खास करून पर्फ आणि बीपीएफचे, आरसीयूच्या भरवशावर पॉइंटर वाचतात. आरसीयू बघत नसताना त्यांनी वाचलेली वस्तू पायाखालून कधीही मोकळी होऊ शकते. हा बिघाड रोज दिसणार नाही. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी सर्व्हरवर दिसेल.

याच कारणाने २०२० च्या ५.८ मध्ये एक्स८६ ची एंट्री पार नव्याने लिहिली गेली आणि नोइन्स्टर आला. नोइन्स्टर म्हणजे एक जुडी आहे: इनलाइन करू नको, एफट्रेसचा कॉल पेरू नको, केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि केसीसॅन (एकाच डेटावरची सीपीयूंची टक्कर पकडणारा) यांच्यासारख्यांच्या तपासण्या घालू नको, आणि फंक्शन एका वेगळ्या सेक्शनमध्ये ठेव. तो अख्खा सेक्शन केप्रोबच्या काळ्या यादीत जातो. पण मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. डीबग_एंट्री हा कॉन्फिगमधला पर्याय चालू ठेवून बिल्ड केलं की ऑब्जटूल (बिल्डमधला तपासनीस) तयार झालेला मशीन कोड वाचतो आणि या सेक्शनमधून बाहेर जाणारा प्रत्येक कॉल पकडतो. अमुक फंक्शन, अमुक ऑफसेट, तमुक फंक्शनला कॉल, नोइन्स्टर सेक्शन सोडून जातोय. बाहेर जायचंच असेल तर इन्स्ट्रुमेंटेशन_बिगिन() आणि इन्स्ट्रुमेंटेशन_एंड() यांच्या मधे जायचं, म्हणजे तुम्ही लेखी दिलंत की इथे कर्नेलचे कपडे पूर्ण झालेत, आता कुणीही बघितलं तरी चालेल.

तुमच्या बिल्डमध्ये ही इशारत आलीच असणार. आली नसेल तर डीबग_एंट्री बंद आहे. आधी ते बघा.

नोट्रेस आणि नोकेप्रोब_सिंबल लावताना माणूस स्वतःच्या समजुतीवर विसंबतो, नोइन्स्टरमध्ये यंत्र तपासून देतं, हा फरक किती मोठा आहे ते मला एका बोर्डने शिकवलं. त्या बोर्डच्या टायमरचा ड्रायव्हर मी लिहिला होता. त्यात शेड_क्लॉकला (कर्नेलचं आतलं घड्याळ) वेळ पुरवणारं एक फंक्शन, दोन ओळींचं: रजिस्टर वाच, आकडा परत दे. ट्रेसर प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारतो, तो शिक्का शेवटी याच फंक्शनकडून येतो, म्हणजे ट्रेसरने याला ट्रेस करणं म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. हे मला माहीत होतं, नोट्रेस लावलेला होता. काही महिन्यांनी तक्रार आली की फंक्शन ग्राफ ट्रेसर (फंक्शनचं आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही नोंदवणारा) चालू केला की बोर्ड गोठतो. सिरियल कन्सोलवर एक अक्षर नाही. साधा फंक्शन ट्रेसर मात्र नीट चालायचा, त्यामुळे मी दोन दिवस ग्राफ ट्रेसरलाच शिव्या घालत बसलो.

झालं होतं असं. रजिस्टर वाचण्याचं काम मी एका वेगळ्या स्टॅटिक फंक्शनात ठेवलं होतं. त्याला एकच कॉलर होता, म्हणून कंपायलर ते आपणहून आत विरघळवून टाकायचा. मग सस्पेंडच्या वाटेवर कुणीतरी त्याचा दुसरा वापर सुरू केला. कॉलर दोन झाले, कंपायलरने ते फंक्शन वेगळं उभं केलं, आणि वेगळं उभं राहिलं म्हणजे त्याच्या तोंडाशी एफट्रेसचा कॉल आला. नोट्रेस वरच्या फंक्शनवर होता, खालच्यावर नव्हता. फंक्शन ट्रेसरला पुनरावृत्ती पकडणारा पहारा होता म्हणून तो तगला, त्या कर्नेलमधल्या ग्राफ ट्रेसरच्या वाटेवर तो पहारा वेळ विचारून झाल्यावर होता. ड्रायव्हरमधली एक ओळही न बदलता, तिसऱ्याच फाइलमधल्या बदलाने माझं फंक्शन उघडं पडलं. कर्नेलमध्ये इनलाइन हा शब्द स्वतःबरोबर नोट्रेस घेऊन येतो, मी नुसतं इनलाइन लिहिलं असतं तरी वाचलो असतो. नोइन्स्टरच्या हद्दीत मात्र तेवढंही पुरत नाही, तिथे ऑलवेज_इनलाइनच लागतं, कारण साधं इनलाइन ही कंपायलरला केलेली विनंती आहे.

यावरून एक मोजमाप मी मनाशी धरलंय, आणि कुठल्याही फंक्शनपुढे तेच प्रश्न विचारतो. ट्रेसर स्वतः चालताना या फंक्शनला बोलावतो का? घड्याळ, रिंग बफरचे (ट्रेसच्या नोंदी साठवायची जागा) कोपरे, पुनरावृत्तीचा पहारा, अशा गोष्टी. मग नोट्रेस, आणि त्याने बोलावलेल्या सगळ्यांना नोट्रेस. इंट३ पासून केप्रोबच्या हँडलरपर्यंतच्या वाटेवर हे फंक्शन आहे का? मग नोकेप्रोब_सिंबल तरी हवंच. कर्नेलची अवस्था पूर्ण होण्याआधी किंवा बाहेर पडताना ती मोडल्यानंतर हे चालतं का? मग नोइन्स्टर, दुसरा पर्याय नाही. तिन्हीचं उत्तर नाही असेल तर हात लावू नका.

दुसऱ्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण तिथे बरेच जण म्हणतात की केप्रोबला पुनरावृत्तीचा पहारा आहेच, मग भीती कसली? पहारा आहे. एका केप्रोबचा हँडलर चालू असताना दुसरा लागला, तर दुसऱ्याचा हँडलर न चालवता नुसता चुकलेल्यांचा आकडा वाढवतात आणि मूळ इन्स्ट्रक्शन पुढे नेतात. त्याच्याही पलीकडे घोळ झाला तर कर्नेल सरळ 'अनरिकव्हरेबल केप्रोब डिटेक्टेड' लिहून पडतो. पण हा पहारेकरी घराच्या आतल्या खोलीत बसलाय. त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटेवरच इंट३ असेल, तर प्रत्येक इंट३ नवा इंट३ उठवणार, पहाऱ्यापर्यंत कुणी पोचणारच नाही, आणि स्टॅक संपून डबल फॉल्ट. म्हणून ती वाट निखळ स्वच्छ ठेवावी लागते.

आणि ती वाट फक्त केप्रोबची नाही. चालू कर्नेलचा कोड बदलताना, म्हणजे एफट्रेसचा नॉप पालटताना किंवा स्टॅटिक की (चालू कोडमधला फाटा बदलणारं बटण) फिरवताना, एक्स८६ वर आधी पहिल्या बाइटवर इंट३ ठेवतात, सगळ्या सीपीयूंना ताळ्यावर आणतात, मग उरलेले बाइट लिहितात, आणि शेवटी पहिला. मधल्या क्षणी दुसरा सीपीयू तिथे आला तर तो इंट३ वर आदळतो, आणि हँडलर यादीत शोधून त्याला योग्य जागी पाठवतो. ही यादी शोधायला बायनरी सर्च लागतो. लायब्ररीत आयता होता, पण ते फंक्शन नोइन्स्टरच्या बाहेर, त्यावर कुणीही प्रोब लावू शकत होतं. म्हणून २०२० च्या त्या कामात त्याची सक्तीने इनलाइन होणारी आवृत्ती काढावी लागली. एवढं बारीक बघावं लागतं.

एनएमआयची, म्हणजे अडवता न येणाऱ्या इंटरप्टची, गोष्ट तर याहून बारीक. एनएमआय चालू असताना प्रोसेसर पुढचे एनएमआय अडवून धरतो आणि आयरेट ही इंटरप्टमधून परतण्याची इन्स्ट्रक्शन चालली की सोडतो. कुठलीही आयरेट. एनएमआय हँडलरच्या आत इंट३ लागला, तर त्या इंट३ वरून परतताना आयरेट होते, अडवणूक उठते, पुढचा एनएमआय त्याच स्टॅकच्या त्याच टोकापासून सुरू होतो आणि पहिल्याच्या फ्रेमवर लिहून मोकळा होतो. २०१२ च्या ३.३ मध्ये यावर तोडगा निघाला, एनएमआयच्या आत एनएमआय आला तर स्टॅकवरच्या प्रती सांभाळणारा असेंब्लीचा एक तुकडा. मी तो वाचताना दर वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. त्याच्यामुळे एनएमआयच्या वाटेवर ब्रेकपॉइंट ठेवणं शक्य झालं, पण एनएमआयच्या अगदी तोंडाशी नाही.

नोइन्स्टर वापरायची वेळ आलीच, तर पहिल्या दिवशी ज्यांना ठेच लागते त्या दोन गोष्टी सांगून ठेवतो. एक, कंपायलर स्वतःहून कॉल घालतो. स्ट्रक्चर शून्याने भरायला नुसतं रिकामं महिरपी कंसाचं इनिशियलायझेशन लिहिलंत की तो मेमसेटला कॉल करू शकतो. तुमच्या कोडमध्ये मेमसेट कुठेच नाही आणि ऑब्जटूल मेमसेटच्या नावाने ओरडतोय, अशी ती गंमत. दोन, केकोव्हसारखी कव्हरेजची यंत्रणा. सगळे कंपायलर ती फंक्शनपुरती बंद करायला तयार नव्हते, म्हणून ऑब्जटूल या सेक्शनमधले तिचे कॉल सापडतील तिथे नॉपने पुसून टाकतो. तपासणाराच दुरुस्तीही करतो, असं कर्नेलमध्ये क्वचित बघायला मिळतं. तुमच्या आर्किटेक्चरवर ऑब्जटूलची ही तपासणी नसेल, तर नोइन्स्टर लिहून झाल्यावर डिसअसेंब्ली काढा आणि त्या सेक्शनमधला प्रत्येक कॉल डोळ्यांनी तपासा. कंटाळवाणं आहे, पण कोडपेक्षा डिसअसेंब्लीच खरी.

मग सगळ्या फाइलवर नोइन्स्टर का नको? कारण शिक्का फुकट नाही. ज्या फंक्शनवर तो बसतो तिथे केसॅन आंधळा, केसीसॅन आंधळा, कव्हरेज आंधळं. मोजणीच्या टेबलाबाहेर तुम्ही एक घर लिहिलंत तर एरवी केसॅनने चाचणीतच पकडलं असतं, आता कुणी पकडणार नाही. उद्या ग्राहकाच्या मशीनवर पेज फॉल्ट मंद का झाले हे शोधायला तुम्हीच ट्रेसर चालू कराल आणि तुमचंच फंक्शन त्यात दिसणार नाही. शिवाय नोइन्स्टरच्या फंक्शनाने बाहेर कॉल केला की तक्रार, म्हणून त्यालाही नोइन्स्टर, मग त्याच्या खालच्याला. आठवडाभरात अर्धा सबसिस्टीम काळोखात. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, यातलाच तो प्रकार. नोइन्स्टर जितका लहान तितका बरा. डेटावरचे हार्डवेअर वॉचपॉइंटही त्याने अडत नाहीत, ते फंक्शनवर नाही तर व्हेरिएबलच्या पत्त्यावर बसतात. त्यांचा बंदोबस्त एंट्री कोड डीबग रजिस्टरांशी वेगळा करतो.

बीपीएफबद्दल वेगळं फार सांगण्यासारखं नाही. तो एक तर एफट्रेसच्या जागेवर बसतो नाही तर केप्रोबवर, म्हणून त्याच याद्या त्याला लागू. वर त्याची स्वतःची एक छोटी नकारयादी आहे, त्यात मायग्रेट_डिसेबल सारखी फंक्शनं आहेत, कारण ट्रॅम्पोलिन स्वतःच त्यांना बोलावतो. पुन्हा तेच कुंपण आणि शेत.

प्रश्नातल्या 'सुटका' या शब्दामुळे एक शंका आली, ती बोलून टाकतो. फंक्शन कुणा रूटधारी माणसापासून लपवायचं असा हेतू असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. हे शिक्के कर्नेलने स्वतःला लागलेली ठेच टाळायला आहेत, चोरासाठी कुलूप म्हणून नाहीत. मॉड्यूल टाकू शकणारा माणूस काळी यादी वळसा घालून पार करेल. ते हवं असेल तर सही असलेली मॉड्यूल्स आणि ५.४ पासूनचा लॉकडाउन. त्याच्या कॉन्फिडेन्शिॲलिटी पातळीवर केप्रोब आणि ट्रेसएफएस दोन्ही बंद होतात. तो विषय वेगळा.

तपासायचं कसं, हे मात्र नीट सांगतो, कारण 'आता पडत नाही' हा पुरावा नव्हे. डीबगएफएसमध्ये केप्रोब्स फोल्डरात ब्लॅकलिस्ट नावाची फाइल आहे, तुमचं फंक्शन तिथे असायला हवं की नको हे ठरवा आणि बघा. ट्रेसएफएसमधली अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स ही उलटी यादी, एफट्रेस ज्यांना धरू शकतो त्यांची. रिकर्शन नोंदवण्याचा पर्याय कॉन्फिगमध्ये चालू केला तर रिकर्स्ड_फंक्शन्स नावाची फाइल मिळते, ट्रेसर स्वतःच्याच शेपटीवर कुठे पाय देतोय ते त्यात नावानिशी दिसतं. माझ्या बोर्डच्या वेळी मला ती सुचली असती तर दोन दिवस वाचले असते.

आणि मशीन पडतंय पण कुठल्या फंक्शनमुळे ते कळत नाही, तर कर्नेलच्या सोर्समध्येच स्क्रिप्ट्सच्या ट्रेसिंग फोल्डरात एफट्रेस-बायसेक्ट नावाची स्क्रिप्ट आहे. फंक्शनांची यादी ती दोन भागांत कापते. एका भागावर ट्रेसर लावायचा, पडलं तर त्यातला अर्धा, नाही पडलं तर दुसरा. पन्नास हजार फंक्शनं असली तरी सोळाएक फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. हे व्हर्च्युअल मशीनमध्येच करा. २००८ मध्ये २.६.२७ च्या तयारीत डायनॅमिक एफट्रेसचा जुना कोड मोकळ्या झालेल्या मेमरीला कोड समजून तिथे लिहायला गेला, आणि तिथे तोवर नेटवर्क कार्डाची मेमरी मॅप झालेली होती. ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांची एनव्हीरॅम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) त्यात बिघडली. तो दोष केव्हाच गेला, एफट्रेसची पद्धतही बदलली, पण स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर असले प्रयोग न करण्याची सवय मला तेव्हापासून आहे.

आता तुमचं फंक्शन. हँडलरमध्ये सर्वात आधी सीआर२ वाचून पत्ता लोकल व्हेरिएबलमध्ये घेतला जातो, मग आयआरक्यूएंट्री_एंटर() होतं, म्हणजे लॉकडेप आणि आरसीयू दोघेही जागे, मग इन्स्ट्रुमेंटेशन_बिगिन(), आणि त्यानंतर खरं फॉल्टचं काम. तुमचा कॉल पहिल्या ओळीवरून उचला आणि इन्स्ट्रुमेंटेशन_बिगिन() च्या खाली आणा. आत सीआर२ वाचणारी तुमची ओळ काढून टाका आणि हँडलरने आधीच वाचलेला पत्ता पॅरामीटर म्हणून घ्या. मोजणी दोन-चारशे इन्स्ट्रक्शन उशिरा होईल, आकड्याला त्याने काहीही फरक पडत नाही. नोट्रेस काढा. मग पर्फ हवा तेवढा चालू द्या, सहकाऱ्याला केप्रोब लावू द्या. ते फॉल्ट घेतील, सीआर२ पुसतील, आणि तोवर तो पत्ता तुमच्या स्टॅकवर सुरक्षित पडलेला असेल.

एकच अपवाद. मोजणी पहिल्याच ओळीला हवी असण्यामागे एंट्रीला लागणारा वेळही मोजायचा असा हेतू असेल, तर वर फक्त टाइमस्टॅम्प काउंटर वाचणारी एक ऑलवेज_इनलाइन ओळ ठेवा. आकडा लोकल व्हेरिएबलमध्ये, आणि हिशोब खाली. डीबग_एंट्री चालू करून पुन्हा बिल्ड करा. ऑब्जटूल गप्प राहिला पाहिजे.